पार्किन्सन्सच्या गोळ्यांनंतर अंग आपोआप हलतं तेव्हा काय करायचं?

पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झाल्यावर पहिली काही वर्षं लेव्होडोपाची गोळी फार गुणी वाटते. घेतली की अर्ध्या-पाऊण तासात हात मोकळा होतो, पाऊल उचलतं, शर्टाची बटणं लागतात. मग काही वर्षांनी एखाद्या दिवशी जेवताना खांदा आपोआप वर जातो, मान डुलायला लागते, बसल्या जागी पाय हलत राहतात. घरच्यांना वाटतं, कंप वाढला. शेजारी सांगतात, गोळ्या जास्त झाल्या, बंद करून बघा. दोन्ही सल्ल्यांनी रुग्णाचं नुकसानच होतं. मी माझ्या सासूबाईंचं हे दुखणं जवळून बघितलं आहे आणि आधारगटांमध्ये अनेक कुटुंबांशी बोलले आहे. त्यावरून एक गोष्ट मनापासून सांगते: अंग किती हलतंय यापेक्षा गोळीनंतर किती वेळाने हलतंय, हे आधी शोधा. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या एका उत्तरावर ठरतो.

या हालचालींना डॉक्टर डिस्कायनेशिया म्हणतात. लेव्होडोपा चार ते सहा वर्षं घेतल्यावर साधारण ४० टक्के रुग्णांना त्याचा कमी-अधिक अनुभव येतो. आजार तरुणपणी सुरू झाला असेल, वजन कमी असेल, रोजचा डोस मोठा असेल तर शक्यता वाढते. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त दिसतं.

हे होतं कशामुळे

मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागात डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोहोचवणारं रसायन, बनवणाऱ्या आणि साठवणाऱ्या पेशी असतात. लेव्होडोपा मेंदूत गेल्यावर तिचं डोपामिन होतं. रक्तातली ही लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्मी होते. तरीही सुरुवातीच्या वर्षांत दिवसाला तीन गोळ्या पुरतात, कारण उरलेल्या पेशी ते डोपामिन साठवून सावकाश सोडत असतात. आजार पुढे सरकतो तशा या पेशी कमी होतात आणि धरण फुटलेल्या नदीसारखी गत होते: गोळी चढली की पूर, उतरली की कोरडं पात्र. या चढउताराला सामोऱ्या जाणाऱ्या पुढच्या पेशी हळूहळू बिथरतात आणि जरासं डोपामिन वाढलं तरी जादा हालचाल घडवतात.

म्हणजे औषध आणि आजार, दोघांचाही यात वाटा आहे. त्यामुळे ‘गोळी जितकी उशिरा सुरू करू तितकं बरं’ हा समज मनातून काढून टाका. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात काही रुग्णांना लेव्होडोपा लगेच दिली आणि काहींना ४० आठवड्यांनी. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत डिस्कायनेशियाचं प्रमाण सारखंच निघालं. आजाराला किती वर्षं झाली आणि रोजचा डोस किती आहे, यांचा प्रभाव जास्त असतो. गरज असताना गोळी टाळून ताठर शरीराने काढलेली वर्षं कुणी परत देत नाही.

पहिली पायरी: हा कंप आहे की डिस्कायनेशिया?

पार्किन्सन्सचा कंप तालात असतो, सेकंदाला चार ते सहा वेळा. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना तो जास्त दिसतो आणि वस्तू उचलायला गेलं की बऱ्याचदा कमी होतो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी दिसतात. डिस्कायनेशियाला ताल नसतो. मान, धड, खांदे, पाय वळवळल्यासारखे किंवा नाचल्यासारखे हलतात, जागा बदलतात. बहुधा ज्या बाजूला आजार सुरू झाला होता त्याच बाजूला ते आधी दिसतं. बोलताना, पाहुणे आल्यावर, मनातल्या मनात हिशेब करताना वाढतं. म्हणूनच डॉक्टर तपासताना १०० मधून ७ वजा करत जायला सांगतात. गाढ झोपेत ते सहसा थांबतं.

अभिनेता मायकल जे. फॉक्स २००६ साली अमेरिकेत एका निवडणूक प्रचाराच्या जाहिरातीत दिसला, तेव्हा त्याचं अंग सारखं डुलत होतं. एका प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने, हा नाटक करतोय किंवा याने मुद्दाम औषध घेतलेलं नाही, असा आरोप केला. खरं तर ते डुलणं औषध घेतल्यामुळे होतं. नावाजलेल्या माणसाबाबत असा गैरसमज होतो, तर लग्नाच्या पंगतीत आपल्या आजोबांकडे बघून कुणी ‘पिऊन आलेत का?’ असं कुजबुजलं तर ते अज्ञान आहे हे ओळखा. राग गिळून त्या माणसाला दोन वाक्यांत समजावून सांगा.

दुसरी पायरी: वही आणि मोबाइल

डॉक्टरांच्या खोलीत आपण दहा-पंधरा मिनिटं असतो आणि नेमकं त्या वेळी अंग शांत असतं. म्हणून भेटीच्या आधीचे सलग तीन दिवस नोंद ठेवा. दोनशे पानी वहीत सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक ओळ पुरे. त्या ओळीत पाचपैकी एकच शब्द लिहायचा: झोप, ऑफ (अंग ताठ, हालचाल मंद), ऑन (मोकळं, जादा हालचाल नाही), ऑन-हलकं (जादा हालचाल आहे पण कामात अडथळा नाही), ऑन-त्रास (जादा हालचालीमुळे जेवण, चालणं, बोलणं अडतंय). शेजारी गोळी घेतल्याची खरी वेळ लिहा. ‘आठची गोळी’ बऱ्याच घरांत पावणेनऊला घेतली जाते. जेवणाची वेळ आणि ताटात काय होतं तेही लिहा.

अशी नोंद दिसते: ८.०० गोळी, ८.३० ऑफ, ९.०० ऑन, नाश्ता पोहे, ९.३० ऑन-त्रास, मान आणि डावा हात, १०.०० ऑन-त्रास, १०.३० ऑन, ११.३० ऑफ. एवढ्यावरूनही डॉक्टरांना बरंच कळतं.

रुग्णाला स्वतःच्या हलक्या हालचाली पुष्कळदा जाणवतच नाहीत, त्यामुळे नोंद दोघांनी मिळून करा. मोबाइलवर एकेक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ घ्या, डोक्यापासून पायांपर्यंत सगळं दिसेल असे. बसलेलं, चालतानाचं, पेल्यातून पाणी पितानाचं. व्हिडिओ घेण्याआधी विचारा. चोरून काढलेला व्हिडिओ माणसाला फार लागतो.

तिसरी पायरी: वहीत आपला प्रकार शोधा

सगळ्यांत जास्त आढळतो तो ऐन भरातला प्रकार. गोळीनंतर साधारण एक ते दोन तासांनी, म्हणजे औषध रक्तात सर्वांत वर असताना, मान, चेहरा, धड आणि हात हलतात. माणूस त्या वेळी चालू-बोलू शकतो, मनही बरं असतं. इथे एका वेळचा डोस जास्त होत असतो.

दुसऱ्या प्रकारात हालचाल दोनदा येते: गोळी चढताना आणि उतरताना. मधला वेळ बरा जातो. यात पाय जास्त हलतात, तेही एकाच पद्धतीने, लाथ मारल्यासारखे किंवा सायकल चालवल्यासारखे. रुग्णाला हे नकोसं होतं. इथे औषध कमी पडत असतं. ऐन भरातला प्रकार समजून प्रत्येक वेळची गोळी छोटी केली, तर त्रास वाढतो.

तिसरा प्रकार पहाटेचा. रात्रीच्या गोळीचा अंमल संपलेला असतो आणि उठताना पायाची बोटं आत वळतात, पाऊल वाकडं होतं, पोटरीत वेदना उठते. याला डिस्टोनिया म्हणतात. हाही औषध उतरल्यामुळेच होतो. घरोघरी त्यावर तेल चोळणं आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतात, पण खरा प्रश्न गोळीच्या वेळेचा असतो.

एकाच रुग्णात दोन प्रकार असू शकतात. सासूबाईंना दुपारी पहिला आणि पहाटे तिसरा होता, आणि वही ठेवेपर्यंत आम्ही सगळ्यालाच ‘हलणं’ म्हणत होतो.

चौथी पायरी: घरातलं आधी तपासा

औषध बदलण्याआधी घरात काही वेगळं घडलंय का ते बघा.

स्ट्रिपवरचं नाव नीट वाचा. सिंडोपा या नेहमीच्या ब्रँडचंच बघा: सिंडोपा ११० मध्ये लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम आणि कार्बिडोपा (लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्याआधी वाया जाऊ न देणारं जोडीचं औषध) १० असते. सिंडोपा प्लसमध्ये लेव्होडोपा तेवढीच, १००, पण कार्बिडोपा २५. सिंडोपा २७५ मध्ये लेव्होडोपा एकदम २५०. दुकानदाराने ‘हीच चालते’ म्हणून दुसरी दिली, की फरक पडतो. सीआर लिहिलेली गोळी सावकाश सुटणारी असते. ती कुटून किंवा चावून दिली तर सगळं औषध एकदम सुटतं. एंटाकॅपोन किंवा रासाजिलिन नुकतंच सुरू झालं असेल तर काही दिवसांतच हालचाली वाढू शकतात, कारण ही औषधं लेव्होडोपाचा परिणाम वाढवतात किंवा लांबवतात. ते डॉक्टरांना लगेच कळवा.

चूर्ण आणि काढे लपवू नका. खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपाच असते. आयुर्वेदात ती कंपवातावर पूर्वापार दिली जाते आणि तिचा परिणाम खरा आहे. नेमकं म्हणूनच ती गोळ्यांच्या जोडीला घेतली की डोस नकळत वाढतो. चूर्णाच्या चमच्यात किती लेव्होडोपा आहे हे कोणत्याच डब्यावरून नेमकं कळत नाही. घेत असाल तर वैद्य आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांनाही सांगा.

इतर त्रासांसाठी घेतलेल्या गोळ्याही बघा. पित्ताच्या काही गोळ्यांमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्करसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन सर्रास दिलं जातं. ही औषधं पार्किन्सन्स बिघडवतात. त्यातल्या काहींमुळे तोंडाच्या आणि जिभेच्या वेगळ्याच अनैच्छिक हालचालीही सुरू होऊ शकतात. फॅमिली डॉक्टरांकडे जाताना ‘पार्किन्सन्स आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

आता जेवण. लेव्होडोपा लहान आतड्यातून आणि पुढे मेंदूत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने प्रथिनांमधली अमिनो आम्लंही जातात. त्यामुळे डाळ, उसळ, दूध, पनीर, अंडी, मासे यांच्यासोबत घेतलेली गोळी कधी लागू पडते, कधी नाही. साधारण नियम असा: जेवणाआधी किमान अर्धा तास, किंवा जेवणानंतर तासाभराने. मळमळत असेल तर गोळीबरोबर एखादं बिस्किट किंवा दोन घास मऊ भात चालतो. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवा. एक इशारा: दिवसाची प्रथिनं रात्रीच्या जेवणात ढकलली की तीच गोळी दिवसा जास्त चढते आणि ऐन भरातल्या हालचाली वाढू शकतात. म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून करा, आणि वजन आधीच घटलेलं असेल तर प्रथिनं कापूच नका. बद्धकोष्ठ असेल तर गोळीचा अंमल बेभरवशाचा होतो, त्यामुळे पोट साफ ठेवणं हाही उपचाराचाच भाग धरा.

पाचवी पायरी: त्रास नेमका कुणाला?

हा प्रश्न रुग्णाला एकांतात विचारा. अनेकांचं उत्तर असतं, ‘हललं तर हलू दे, पण मला चालता येतंय ना.’ ताठर होऊन खुर्चीला खिळण्यापेक्षा थोडं डुलत फिरणं त्यांना पसंत असतं. आपल्याला बघवत नाही, समारंभात लोक बघतात, म्हणून गोळी कमी करायला लावणं मला चुकीचं वाटतं. डिस्कायनेशियामुळे घास तोंडापर्यंत जात नसेल, तोल जात असेल, वजन घटत असेल, दम लागत असेल किंवा रुग्णालाच लाज वाटून तो घराबाहेर पडत नसेल, तर उपचार बदलायला हवा. हलक्या हालचालींना काही न करणं हाही निर्णयच आहे, आणि डॉक्टरही तो बऱ्याचदा घेतात.

सहावी पायरी: डॉक्टरांशी बोलणी

पुढचे बदल डॉक्टरांनीच करायचे आहेत. पण पर्याय माहीत असले की प्रश्न नेमके विचारता येतात.

ऐन भरातल्या प्रकारात बहुधा एका वेळचा डोस कमी करून गोळ्यांची संख्या वाढवतात. चार वेळांच्या जागी पाच किंवा सहा वेळा. दिवसाची एकूण मात्रा तितकीच राहिली तरी पुराची पातळी खाली येते. यात घरच्यांची कसोटी असते, कारण पाच वेळा गोळी वेळेवर देणं सोपं नाही. मोबाइलचे गजर आणि कप्प्यांची डबी हवीच. दुपारनंतर हालचाली वाढत जात असतील आणि सीआर गोळ्या चालू असतील, तर ‘सीआर साचत जातेय का, तिच्याऐवजी साधी गोळी द्यायची का?’ असं विचारा. पूरक औषधांपैकी एखादं कमी करून बघता येईल का, हेही विचारा.

दोनदा येणाऱ्या प्रकारात उलट, औषधाची पातळी खाली पडू द्यायची नसते. त्यासाठी डोस जवळ आणतात, कधी थोडा वाढवतात किंवा प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखं लांब अंमलाचं औषध जोडतात. या औषधांमुळे काही जणांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा कामवासनेची अनावर ओढ लागते. असं काही दिसलं तर संकोच न करता सांगा. हा स्वभाव नाही, औषधाचा परिणाम आहे आणि औषध बदलल्यावर तो ओसरतो.

पहाटेच्या डिस्टोनियासाठी झोपताना सीआर गोळी देतात, किंवा अंथरुणातून उठण्याआधी साध्या गोळीचा डोस. पाण्याचा ग्लास आणि गोळी उशाशी ठेवा आणि अंमल चढेपर्यंत पडून राहा. पाऊल फारच वळत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन हा एक मार्ग आहे.

डिस्कायनेशिया प्रत्यक्ष कमी करणारं नेहमीचं औषध म्हणजे अमँटाडिन. हे मुळात फ्लूचं औषध. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते घेणाऱ्या एका पार्किन्सन्सच्या रुग्ण स्त्रीला बरं वाटलं, आणि त्यातून त्याचा हा उपयोग समजला. उपयोग चांगला होतो, पण लक्ष ठेवायच्या गोष्टी आहेत: पायांवर सूज, कातडीवर जाळीदार जांभळट डाग, झोप उडणं, आणि वयस्कर माणसांत भास किंवा गोंधळ. झोप जाऊ नये म्हणून दिवसाचा शेवटचा डोस दुपारीच देतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

एका वेळी एकच बदल करायला सांगा आणि पुढच्या भेटीआधी पुन्हा तीन दिवसांची वही लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कुणालाच कळत नाही.

आणि काहीही झालं तरी गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका, लेव्होडोपाही नाही आणि अमँटाडिनही नाही. अचानक थांबवल्यास अंग लाकडासारखं ताठ होणं, तीव्र ताप, शुद्ध हरपणं अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली, तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून पलंगापाशी लावा आणि नर्सना समजावून सांगा. वॉर्डातल्या ‘सकाळ-दुपार-रात्र’ वेळापत्रकात पार्किन्सन्सच्या गोळ्या बसत नाहीत.

घरात रोज काय सांभाळायचं

वजन दर पंधरा दिवसांनी करा. सततच्या हालचालीने शरीराची ऊर्जा जळते, वजन घटतं, आणि घटलेल्या वजनाला तोच डोस मोठा पडतो. हे दुष्टचक्र वहीत दिसायला हवं. डिंकाचे लाडू, तूप घातलेला मऊ भात, शिरा, केळं असं थोडं थोडं, जास्त वेळा द्या.

खुर्ची जड, हातांची, पाठ उंच असलेली हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची डुलण्याने सरकते आणि उलटते. कोपरं आणि टाचा घासत असतील तिथे मऊ कापड बांधा. उकळता चहा भरलेल्या कपात देऊ नका. झाकण असलेला मग, अर्धा भरलेला आणि कोमट, बरा पडतो. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ताट सरकत नाही. खोलगट वाटी आणि जाड मुठीचा चमचा वापरा. बाथरूममध्ये भिंतीला दांडी आणि बसायला घट्ट स्टूल हवं. आंघोळ, दाढी, भाजी चिरणं ही कामं वहीतल्या ‘ऑन’ किंवा ‘ऑन-हलकं’ वेळेत बसवा. बाहेरची कामं, बँक, एसटीचा प्रवास हेही त्याच हिशेबाने ठरवा. खिशात मराठीत एक चिठ्ठी असू द्या: ‘मला पार्किन्सन्स आहे. औषधामुळे अंग हलतं. मी शुद्धीवर आहे.’ खाली घरचा फोन नंबर.

व्यायाम सोडू नका. हालचाली वाढतील म्हणून अनेक जण घरी बसवले जातात आणि त्याने तोल आणखी बिघडतो. पुण्यात ऋषिकेश पवार यांच्या नृत्यवर्गात पार्किन्सन्सचे रुग्ण नाचायला शिकले आहेत. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्या सभांना एकदा तरी जा. तिथे सगळ्यांचंच अंग हलत असतं, त्यामुळे रुग्ण पहिल्यांदा निवांत बसतो.

ताबडतोब दवाखाना कधी?

हालचाली तासन्‌तास न थांबता चालू राहिल्या आणि सोबत ताप, गोंधळ, श्वासाला त्रास किंवा चहासारखी गडद लघवी असेल, तर वाट बघू नका. स्नायूंवर इतका ताण येतो की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. कडक उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी झालं असताना हा धोका वाढतो. नव्याने भास होऊ लागले, गिळताना ठसका लागू लागला किंवा पडून डोक्याला मार बसला, तरीही त्याच दिवशी संपर्क करा.

गोळ्यांनी भागत नाही तेव्हा

सगळे बदल करूनही दिवसाचे बरेच तास ‘ऑफ’ आणि ‘ऑन-त्रास’ यांतच जात असतील, तर डीप ब्रेन स्टिम्युलेशन या शस्त्रक्रियेबद्दल विचारा. मेंदूच्या ठरावीक केंद्रात बारीक तारा घालून छातीच्या कातडीखाली बसवलेल्या यंत्रातून विजेची सौम्य स्पंदनं देतात. अमेरिकेत पार्किन्सन्ससाठी या विशिष्ट केंद्रांवरच्या शस्त्रक्रियेला २००२ साली मंजुरी मिळाली, आणि मुंबई-पुण्यातही ती अनेक वर्षांपासून होते. तारा सबथॅलॅमिक केंद्रात घातल्या तर गोळ्या बऱ्याच कमी करता येतात आणि त्यामुळे डिस्कायनेशिया उतरतो. ग्लोबस पॅलिडस या केंद्रात घातल्या तर गोळ्या फारशा कमी न करताही हालचाली थेट दबतात.

ती कुणाला उपयोगी पडेल हे ठरवण्यासाठी रात्रभर औषध न देता सकाळी तपासतात, मग लेव्होडोपा देऊन पुन्हा तपासतात. गोळीने ज्या तक्रारी स्पष्टपणे सुधारतात, त्यांतच शस्त्रक्रियेने सुधारणा होते. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी शस्त्रक्रियेने कमी होऊ शकतो. स्मरणशक्ती बरीच ढासळली असेल, नैराश्य तीव्र असेल किंवा गोळीनेही तोल आणि बोलणं सुधारत नसेल, तर डॉक्टर सहसा नको म्हणतात. म्हणून हा विषय आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नका. शस्त्रक्रियेनंतर यंत्राची मात्रा जुळवायला काही महिने दवाखान्यात फेऱ्या माराव्या लागतात, गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी होतात, आणि त्या काळात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींची वही पुन्हा रोज लिहावी लागते.